‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे

२५ जानेवारी १९९०. न्यूयॉर्कची हवा त्या रात्री फार खराब होती आणि केनेडी विमानतळावर उतरू पाहणाऱ्या विमानांची आकाशात रांग लागली होती. त्या रांगेत कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं एक बोइंग ७०७ होतं. बोगोटाहून मेडेयीनमार्गे आलेल्या या विमानात १५८ माणसं होती. वाटेत तीन ठिकाणी मिळून त्याला सव्वा तासाहून अधिक वेळ घिरट्या घालाव्या लागल्या, त्यात इंधन तळाला गेलं. सहवैमानिकाने नियंत्रकाला इंग्रजीतून कळवलं, की आम्हाला ‘प्रायॉरिटी’ हवी आहे आणि पर्यायी म्हणून ठरलेलं बोस्टन आता गाठता येणार नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने स्पॅनिशमधून सहवैमानिकाला बजावलं, आणीबाणी आहे असं त्यांना सांग. सहवैमानिकाने इंग्रजीत सांगितलं ते एवढंच, की पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत आलं आहे. नियंत्रकाने विमानाला लांबचा फेरा घ्यायला लावला आणि इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना, असंही विचारलं. चालेल असं वाटतं, असं उत्तर गेलं, आभारासह. काही मिनिटांत एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथल्या झाडीभरल्या उतारावर कोसळलं. ७३ माणसं मेली. आग लागली नाही. पेट घ्यायला टाक्यांत इंधनच उरलं नव्हतं.

‘इमर्जन्सी’ हा शब्द शेवटपर्यंत रेडिओवर गेलाच नाही.

शब्दकोश उघडून पाहिलं तर सहवैमानिकाचं काहीच चुकलेलं नाही. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे अग्रक्रम, आणि त्याला तोच हवा होता. इंधन संपत आलं होतं, हेही खरंच होतं. पण त्या संध्याकाळी ताटकळलेल्या बहुतेक विमानांचं इंधन कमीच होत चाललं होतं, त्यामुळे ते वाक्य नियंत्रकाच्या कानाला नवं नव्हतं. ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ यांपैकी एक शब्द उच्चारला असता तर बाकीची विमानं बाजूला करून या विमानाला थेट धावपट्टीकडे आणणं नियंत्रकावर बंधनकारक झालं असतं. ‘प्रायॉरिटी’ या शब्दाला नियंत्रकाच्या नियमपुस्तकात असं वजन नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचा ठपका मुख्यतः चालकदलावर ठेवला. मात्र वैमानिक आणि नियंत्रक या दोघांनाही सारखेच कळतील असे इंधनाविषयीचे ठरलेले शब्दच अस्तित्वात नाहीत, हेही मंडळाने कारणांत नोंदवलं. ही दुसरी नोंद अधिक महत्त्वाची होती. माणूस घाबरतो, थकतो, वरिष्ठासमोर आणि परक्या भाषेत अडखळतो. त्याच्या हाताशी शब्द आधीच तयार ठेवला असेल तरच अशा वेळी तो तोंडातून निघतो.

इंग्रजी ही पर्यायांनी गच्च भरलेली भाषा आहे. अँग्लो-सॅक्सन, फ्रेंच आणि लॅटिन असे तीन थर एकावर एक बसल्यामुळे ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ असे एकाच क्रियेचे तीन शब्द तिथे सहज सापडतात, आणि प्रत्येकाचा बाज वेगळा. कादंबरीकाराला ही चैन असते. शाळेतही एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की निबंधाच्या वहीत लाल रेघ पडते, समानार्थी शब्द पाठ करवून घेतले जातात. विमानाच्या रेडिओवर हा सगळा संस्कार उलटा करावा लागतो. तिथे एका अर्थाला एकच शब्द चालतो, आणि तो शब्द दुसऱ्या अर्थाने कधी वापरायचा नसतो. ही शिस्त कुणा व्याकरणकाराने बसवली नाही. तिच्यातले बरेच नियम अपघातांनंतर लिहिले गेले आहेत.

त्यांतला सर्वांत भीषण अपघात कॅनरी बेटांपैकी टेनेरीफवर २७ मार्च १९७७ रोजी झाला. शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटल्याने अनेक विमानं टेनेरीफच्या छोट्या लॉस रोदेओस विमानतळावर वळवली गेली होती. धुकं उतरलं. टॉवरमधून धावपट्टी दिसेना. डच कंपनी केएलएमचं जंबो जेट धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी उभं होतं आणि पॅन ॲमचं जंबो त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होतं. नियंत्रकाने केएलएमला मार्गाची परवानगी वाचून दाखवली: उड्डाणानंतर कुठे वळायचं, किती उंची गाठायची. ही उड्डाणाची परवानगी नव्हे, पण तिच्या मजकुरात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. केएलएमच्या सहवैमानिकाने ती परत वाचून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ’. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. तो म्हणाला ‘ओके’, आणि मग, थांबा, मी कळवतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचं सांगायला बटण दाबलं. दोन आवाज एकमेकांवर आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी ऐकू आली. स्वच्छ पोचलं ते फक्त ‘ओके’. विमान तोवर धावू लागलं होतं. ५८३ माणसं मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत याहून जास्त माणसं कधी मेलेली नाहीत.

‘ॲट टेक-ऑफ’ या विचित्र रचनेचं एक स्पष्टीकरण भाषाअभ्यासकांनी दिलं आहे. चालू असलेली क्रिया सांगताना डच भाषेत ‘अमुक करण्यावर आहे’ अशा धाटणीचा प्रयोग असतो. सहवैमानिकाच्या इंग्रजीखालून त्याची मातृभाषा डोकावली असावी. त्याला म्हणायचं होतं, आम्ही निघतो आहोत. स्पॅनिश नियंत्रकाने ऐकलं, आम्ही निघण्याच्या जागी आहोत. मराठी माणसाला हा घोटाळा समजायला वेळ लागू नये. फोनवर ‘निघालो’ म्हणणारा माणूस गाडीत बसलेला असू शकतो, दारात चपला घालत असू शकतो किंवा अजून न्हाणीघरातही असू शकतो, आणि तिन्ही वेळा त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. घरच्या माणसांना त्याचा स्वभाव ठाऊक असल्याने काही बिघडत नाही. धुक्यातल्या धावपट्टीवर बोलणाऱ्याचा स्वभाव ऐकणाऱ्याला माहीत नसतो.

टेनेरीफनंतर ‘टेक-ऑफ’ या शब्दाभोवती कुंपण घातलं गेलं. आता तो प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, ती परत वाचून दाखवताना किंवा रद्द करताना एवढाच उच्चारला जातो. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. मुंबईत एखादं विमान धावपट्टी २७च्या तोंडाशी येतं तेव्हा ‘लाइन अप अँड वेट’ असा हुकूम मिळतो. म्हणजे धावपट्टीवर या, सरळ रेषेत उभे राहा आणि थांबा. अमेरिकेत याच अर्थाने वर्षानुवर्षं ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत. दोन्ही शब्दप्रयोग शुद्ध आणि सुबोध होते. तरीही जगभर उडणाऱ्या वैमानिकाला एकाच कृतीसाठी दोन हुकूम पाठ करावे लागू नयेत म्हणून ३० सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेने आपला जुना प्रयोग सोडला.

शब्द निवडताना त्याच्या अर्थाइतकाच त्याचा आवाजही तपासावा लागतो, कारण विमानाचा रेडिओ हा ऐकायला फार बरा नसतो. आवाजाचा अरुंद पट्टा, खरखर, आणि एका वेळी एकानेच बोलायची सोय. ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजनं त्यात विरून जातात. धोक्याचा संदेश म्हणून ‘एसओएस’ हा तारायंत्रावर चालला, कारण मोर्समधले त्याचे ठिपके आणि रेघा ओळखू येत. तोंडी बोलताना मात्र ‘एस’ ओळखू येईना. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना वेगळा शब्द सुचवायला सांगितलं गेलं. क्रॉयडनची बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बूर्जेला ये-जा करत. मॉकफर्ड यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चाराशी जुळणारा ‘मेडे’ सुचवला. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय करारात तो मान्य झाला. तो सलग तीनदा म्हणायचा असतो, म्हणजे कुणी त्याच्याविषयी सहज बोलत असेल तर त्याच्याशी गल्लत होत नाही. जिवाचा धोका नाही पण निकड आहे, अशा वेळी ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा.

अक्षरांचीही अशीच निवड झाली. पूर्वीच्या ‘एबल, बेकर, चार्ली, डॉग’ या यादीतले काही शब्द इंग्रजी न बोलणाऱ्यांच्या जिभेला अवघड जात. दुसऱ्या महायुद्धानंतर माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ झां-पॉल विने यांच्या मदतीने नवी यादी बनवली गेली. वापरात आणल्यावर तिच्यातलेही काही शब्द गोंधळाचे निघाले. ‘सी’साठीचा ‘कोका’ जाऊन ‘चार्ली’ परत आला, ‘मेट्रो’ जाऊन ‘माइक’, ‘नेक्टर’ जाऊन ‘नोव्हेंबर’, ‘युनियन’ जाऊन ‘युनिफॉर्म’. १ मार्च १९५६ पासून लागू झालेली तीच यादी आज चालते. तिच्यात ‘अल्फा’ लिहिताना ‘पीएच’ऐवजी साधा ‘एफ’ असतो, आणि ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन ‘टी’ असतात. एक ‘टी’ असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. भारतीय विमानांच्या नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीला येणारी ‘व्हीटी’ ही अक्षरं या यादीनुसार ‘व्हिक्टर टँगो’ होतात. आकड्यांमध्ये ‘फाइव्ह’चा ‘फाइफ’ आणि ‘नाइन’चा ‘नाइनर’ होतो, कारण खरखरीत हे दोन सारखेच वाटतात. ‘थ्री’चा होतो ‘ट्री’. ‘थ’ हा ध्वनी जगातल्या बऱ्याच भाषांत नाही, त्यामुळे इंग्रजीतही तो इथे सोडून दिला.

एवढी काळजी घेऊनही एखादा अगदी क्षुल्लक शब्द घात करतो. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाने त्याला २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. आकडे एकेक करून म्हटले होते, ‘टू फोर झिरो झिरो’. कॉकपिटमध्ये पहिला ‘टू’ हा आकडा वाटलाच नाही, ‘पर्यंत’ या अर्थाचं इंग्रजी अव्यय वाटलं. त्यांनी ‘ओके, फोर झिरो झिरो’ असं उत्तर दिलं आणि ते ४०० फुटांकडे निघाले. ती चूक नियंत्रकाच्याही कानातून निसटली. विमान टेकडीवर आदळलं आणि त्यातले चौघेही मेले. आता ब्रिटनच्या नियमांत खास सूचना आहे: फ्लाइट लेव्हल, म्हणजे जास्त उंचीवर वापरायचं उंचीचं परिमाण, सांगताना ‘टू’ हे अव्यय मुळीच वापरायचं नाही, आणि फुटांतली उंची सांगताना वापरलं तर त्याच्यामागून ‘अल्टिट्यूड’ हा शब्द आलाच पाहिजे, म्हणजे आकडा आणि अव्यय यांच्यामध्ये भिंत उभी राहते.

सिनेमे पाहून सगळ्यांना पाठ झालेला शब्द म्हणजे ‘रॉजर’. पडद्यावर तो ‘हो, ठीक, करतो’ अशा सगळ्याच अर्थांनी येतो. खऱ्या रेडिओवर त्याचा अर्थ फार तोकडा आहे: तुमचा निरोप पूर्ण मिळाला. ‘मिळाला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर ‘आर’, आणि जुन्या यादीत ‘आर’ला ‘रॉजर’ म्हणत, त्यावरून तो आला. निरोप मिळाला याचा अर्थ पटला किंवा पाळणार असा होत नाही. पाळणार असेल तर ‘विल्को’. प्रश्नाचं उत्तर होकारार्थी असेल तर ‘अफर्म’. पूर्वी इथे ‘अफर्मेटिव्ह’ म्हणत. पण बटण दाबायला क्षणभर उशीर झाला आणि शब्दाचा पुढचा भाग कापला गेला, तर मागे उरणारं शेपूट ‘निगेटिव्ह’च्या शेपटासारखंच ऐकू येतं. म्हणून शब्दच आखूड केला. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. त्यात परवानगीही नाही आणि नकारही नाही. नीट ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, ‘रिपीट’ नाही. लष्करी तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणजे त्याच जागी पुन्हा मारा करा.

मराठी संभाषणातला ‘बरं’ घ्या. ऐकलं, समजलं, मान्य आहे, आता फोन ठेवू या, असे चार अर्थ त्यात सूर बदलून येतात. त्या एका ‘बरं’चे इथे चार तुकडे करून प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आहे. हा खटाटोप वैमानिकाला पहिल्या महिन्यात जाचक वाटतो आणि पुढे हाच त्याचा आधार होतो.

मग भारतीय आकाशात जे घडलं त्याकडे वळावं लागतं. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ समोरासमोर धडकले. ३४९ जण मेले, दोन्ही विमानांतलं कुणीही वाचलं नाही. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर. कझाक विमान त्याखाली आलं. त्या वेळी दिल्लीत येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून जात असत, हा वेगळा आणि गंभीर दोष होता. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत विनापरवाना खाली येणं हे मूळ कारण ठरलं, आणि त्यामागे कझाक वैमानिकांचं अपुरं इंग्रजी हा एक घटक मानला गेला. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचं काम वेगळ्या रेडिओचालकाकडे होतं. त्याच्यासमोर उंचीमापक नव्हता, तो वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहायचा. शब्द एकाच्या कानात पडायचे, विमान दुसऱ्याच्या हातात होतं, आणि मधल्या अंतरात अर्थ निसटला.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रकांसाठी भाषेची परीक्षा ठरवली आणि मार्च २००८ पासून ती लागू झाली. पातळ्या सहा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी हवी आणि ती मिळाली तरी दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची. उच्चार, रचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद या सहांमध्ये ज्यात सर्वांत कमी गुण तीच एकूण पातळी धरतात. या परीक्षेत पाठ केलेली ठरीव वाक्यं म्हणून दाखवून भागत नाही, आणि तेच योग्य आहे. ठरीव शब्द ठरीव प्रसंगाला पुरतात. प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, केबिनमध्ये रासायनिक वास येऊ लागला, धावपट्टीवर रानडुक्कर दिसलं, तर तिथे यादी संपते आणि साधं इंग्रजी सुरू होतं. शब्द आठवला नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, अशी चौथ्या पातळीची अपेक्षाच आहे.

या सगळ्या चर्चेत बोट बहुतेक वेळा परक्या वैमानिकाकडे दाखवलं जातं. त्याचं इंग्रजी कच्चं, त्याचा उच्चार वाईट. हे अर्धंच खरं आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते नियंत्रक आणि वैमानिक अनेकदा भरभर बोलतात, बोलीतले वाक्प्रचार घुसडतात, ठरीव शब्द गाळून सोयीचे वापरतात, आणि समोरच्याला कळलं नाही की त्याच्या कानाला दोष देतात. आयकाओच्या मार्गदर्शिकेत मात्र जबाबदारी दोघांवर टाकली आहे: इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनीही आपला वेग, उच्चार आणि शब्दनिवड समोरच्याला झेपेल अशी ठेवली पाहिजे. भाषा घरची आहे म्हणून कुणाला ती कशीही वापरण्याचा हक्क मिळत नाही, निदान तीनशे माणसं मागे बसलेली असताना तरी नाही. मुंबई किंवा नागपूरचा नियंत्रक ठरीव इंग्रजीत सावकाश बोलतो तेव्हा तो ह्यूस्टनच्या घाईघाईत बोलणाऱ्या नियंत्रकापेक्षा चांगलं इंग्रजी बोलत असतो.

इंधनाच्या शब्दांची गाठ सुटायला मात्र फार वर्षं लागली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आयकाओने दोन पायऱ्या पक्क्या केल्या. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी विलंब सोसणार नाही. ही आणीबाणी नव्हे, तिची आगाऊ सूचना आहे. आणि उतरताना टाकीत अंतिम राखीव साठ्याहून कमी इंधन उरणार असं दिसलं, तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. जेट विमानासाठी हा साठा अर्धा तास घिरट्या घालण्यापुरता असतो. संपूर्ण मोजणी वैमानिकाने करायची, पण ती झाल्यावर कोणता शब्द वापरू, हा प्रश्न आता उरत नाही.

समुद्रावरही हाच विचार पोचला, वेगळ्या वळणाने. जहाजावर एकेका खलाशाची मातृभाषा वेगळी असते, आणि किनाऱ्यावरच्या बंदर नियंत्रकाची आणखीच वेगळी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरीव सागरी वाक्यांचा संच स्वीकारला. त्यातली एक सूचना इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘कॅन’ ही सहायक क्रियापदं टाळा, असं तिथे सांगितलं आहे. शाळेत हीच क्रियापदं सभ्यपणाची खूण म्हणून शिकवतात. पण ‘मे’मध्ये परवानगी आणि शक्यता दोन्ही दडलेल्या असतात, ‘कॅन’मध्ये क्षमता आणि शक्यता. ‘मे आय एंटर?’ हे वाक्य लाटांच्या आवाजात अर्धवट ऐकू आलं तर ते प्रश्न आहे की कळवणं, हेच समजत नाही. म्हणून आधी ‘क्वेश्चन’ असा शब्द उच्चारायचा आणि मग विचारायचं, मला प्रवेशाची परवानगी आहे का. सल्ला असेल तर ‘ॲडव्हाइस’, इशारा असेल तर ‘वॉर्निंग’, हुकूम असेल तर ‘इन्स्ट्रक्शन’. वाक्य कोणत्या जातीचं आहे ते आधी जाहीर, मग वाक्य. मुंबई बंदरात किंवा न्हावा शेव्याला येणाऱ्या परदेशी जहाजांना हे शब्द ओळखीचे असतात.

हँगरमध्ये काम करणाऱ्या तंत्रज्ञाला रेडिओची घाई नसते, तरी अर्थ चुकला तर परिणाम तेवढाच वाईट. १९७०च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या विमान कंपन्यांनी तक्रार केली, की दुरुस्तीची पुस्तकं इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञांना जड जातात. त्यातून १९८६ मध्ये ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ची पहिली मार्गदर्शिका निघाली. तिच्या शब्दकोशात साधारण ९०० सर्वसाधारण शब्द आहेत, आणि प्रत्येकाला शक्यतो एकच अर्थ व एकच शब्दजात नेमून दिली आहे. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणं. ‘जवळ’ या अर्थाने तो चालत नाही, तिथे ‘नियर’. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणं. सूचना पाळायच्या असतील तर ‘ओबे’. ‘ऑइल’ हे नाम आहे, त्याचं क्रियापद करायचं नाही. ‘टेस्ट’चंही तसंच. कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. नागपूरच्या मिहानमध्ये एखादा तंत्रज्ञ बोइंगचं पुस्तक उघडून बसतो तेव्हा त्याला इंग्रजी साहित्य कळत नसलं तरी झडप बंद करायची आहे की ती कशाच्या जवळ आहे, हा प्रश्न पडत नाही.

याउलट चुकीचा शब्द किती चिवट असतो, ते मुंबई-पुणे रस्त्यावर पाहायला मिळतं. इंधनाच्या टँकरवर मागे मोठ्या अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. लॅटिनमधून आलेला यातला ‘इन’ हा जोर देणारा आहे. पण इंग्रजीत ‘इन’ लागला की बहुधा नकार होतो, आणि ज्वलनशील वस्तू कुणाला न पेटणारी वाटू शकते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने १९२०च्या दशकातच त्याऐवजी ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला होता. भाषेच्या जाणकारांना हा शब्द तेव्हा ओबडधोबड वाटला. धोक्याच्या पाटीवर मात्र त्यानेच काम चोख केलं असतं. आपल्याकडे त्याच टँकरवर शेजारी ‘अतिज्वलनशील’ असं मराठीत लिहिलेलं असतं, आणि त्यात शंकेला जागा नाही.

रेडिओवरच्या शब्दांत सर्वांत उशिरा शिकला जाणारा शब्द ‘अनेबल’ असावा. अर्थ सरळ आहे: हे मला जमणार नाही. म्हणायला तो कठीण. नियंत्रक हा अधिकारी, त्याने सांगितलेलं करायचं, ही सवय बहुतेकांच्या हाडीमाशी खिळलेली असते. आणि जिथे वडीलधाऱ्यांना सरळ नाही म्हणणं उद्धटपणा मानतात, तिथे तर ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ असे मऊ शब्द आधी तोंडात येतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्षी आदळून कॅप्टन सुलेनबर्गर यांच्या एअरबसची दोन्ही इंजिनं बंद पडली. नियंत्रकाने लाग्वार्डियाची धावपट्टी देऊ केली. उत्तर आलं ‘अनेबल’, आणि सोबत एवढंच, की आपण कदाचित हडसन नदीत उतरू. नियंत्रकाने वाद घातला नाही, ‘का’ विचारलं नाही. तो पुढचे पर्याय शोधत राहिला. विमान नदीवर उतरलं आणि सगळे १५५ जण वाचले. भारतातल्या प्रशिक्षण संस्थांनी विद्यार्थी वैमानिकांकडून हा शब्द मोठ्याने म्हणवून घ्यायला हवा, शिक्षकालाच उद्देशून.

आता आवाजाची जागा हळूहळू मजकूर घेतो आहे. मुंबईहून आखाताकडे किंवा आफ्रिकेकडे जाणारी विमानं अरबी समुद्रावर आली, की किनाऱ्यावरचा रडार आणि साधा रेडिओ मागे पडतात. पूर्वी तिथे उच्च वारंवारतेच्या रेडिओवर खरखरीतून ओरडून बोलावं लागे. आता नियंत्रकाचा हुकूम उपग्रहामार्गे कॉकपिटमधल्या छोट्या पडद्यावर अक्षरांत उमटतो. वाक्यं आधीच ठरलेली, उंची आणि वेळ तेवढी भरायची. मोकळा मजकूर लिहिण्याची सोय आहे, पण ती अडल्यावेळी वापरायची. हुकुमाखाली वैमानिकाला उत्तरं निवडून मिळतात: ‘विल्को’, ‘अनेबल’, ‘स्टँडबाय’. ‘ओके’चं बटण त्यात ठेवलेलं नाही.